वन्सं, स्टुलावरचं बोलणं राहिलं

वन्सं,

तुम्ही जाऊन महिना व्हायच्या आत घरात तुमच्यावरून भांडण झालं. ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं, कारण ते तुमच्या मालमत्तेवरून नव्हतं. तुमची मालमत्ता म्हणजे कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून उचलून आणलेले कायद्याचे ग्रंथ आणि कुठल्याच डोळ्याला न चालणारे सात चष्मे. त्यासाठी कोण भांडतंय? भांडण झालं तुमच्या मतावरून. मुक्ता म्हणाली, "आत्याआजीचं मत माझ्याकडे आहे, फोनमध्ये आहे." मी म्हटलं, ते अर्धं आहे. ती म्हणाली, "अर्धं म्हणजे खोटं नाही ना आजी?" नात माझी, पण ऐन वेळी प्रश्न असा टाकते की जणू तुमच्याच पोटची.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून निरोप आला, सोबत रकान्यांचा एक कागद. जन्म, शिक्षण, वकिलीची सनद, भूषवलेली पदं. मी तो तसाच परत केला. पद तुम्ही एकही भूषवलं नाहीत. दोन वेगवेगळे पक्ष उमेदवारी घेऊन दाराशी आले होते, दोघांनाही चहा पाजून तुम्ही एकच सांगितलंत, "तुमचा जाहीरनामा ठेवून जा, वाचून कळवते." आणि खरंच कळवलंत. कलमवार, चार चार पानी. तिसरा पक्ष आला नाही. तुमचे भाऊ म्हणायचे, "अक्काला पक्षात घ्यायचं म्हणजे घरात इन्कम टॅक्सवाल्याला मुक्कामाला बोलावणं." ते रकान्यात कुठे लिहू?

तर मी माझ्या मनाने लिहितेय. मुक्ता मराठी वाचते ती अक्षरावर बोट ठेवून, दोन ओळी झाल्या की तिला जांभई येते. इथवर पोचायला तिला दिवाळी उजाडेल, त्यामुळे तिच्याबद्दलही मोकळेपणाने लिहीन.

आधी त्या वेळच्या माझ्याबद्दल. ती बाई आठवली की तिला चिमटा काढावासा वाटतो. पस्तिशीतली कुंदा. परभणीच्या शेतकऱ्याची पोर, सरकारी नोकऱ्या आणि वकिली करणाऱ्या हैदराबादच्या जुन्या घरात पडलेली. खांद्याला झोळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की एक चांगला नियम आणला की परवापासून जग सरळ चालू लागेल. कागदावर 'सुधारणा' हा शब्द दिसला की मी आधी खाली सही करायची आणि मग वर काय लिहिलंय ते बघायची. कधी कधी तेही नाही.

तेव्हा आपण विद्यानगरला राहायचो. आमच्या महिलांच्या गटाने एक मागणी उचलली होती : दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला नगरपालिकेच्या, पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहता येऊ नये. केवढी पुरोगामी वाटली होती मला! लोकसंख्या आटोक्यात, बायकांची बाळंतपणं कमी, पुढाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करायची. मी जेवताना तुम्हाला हे सगळं ताटापाशी उभी राहून सांगत होते. तुम्ही वरणभात कालवत विचारलंत, "कुंदे, तुला मुलं किती?"

"एक. तुम्हाला माहीत नाही का?"

"मग तू पास. मला एकही नाही, मी डिस्टिंक्शन. आता या परीक्षेत नापास कोण होणार, ते जरा बघून ये."

"तुम्हाला वन्सं, अमृतातही कलम सापडेल!" मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सह्या गोळा करायला बाहेर पडले.

मागच्या वस्तीत मी गल्लोगल्ली फिरले. नाक्यावर अनसूया इस्त्रीची गाडी लावायची, आपले सगळे कपडे तिच्याकडेच जायचे. कोळशाची जड इस्त्री एका हाताने फिरवत ती दुसऱ्या हाताने मुलींच्या वेण्या घालायची, तेव्हा तिला दोन मुली होत्या. मी कागद पुढे केला. तिने विचारलं, "क्या है अम्मा ये?" मी म्हटलं, "चांगली गोष्ट आहे, बायकांच्या भल्याची. इथे सही कर." तिने हात पुसले, तेलुगूत वळणदार सही केली, आणि पदराने कागदावरचा कोळसा झटकला. मी त्या एका सहीवर इतकी खूश झाले की घरी येऊन तुम्हाला दाखवली. "बघा, वस्तीतल्या बाईला पटतं, तुम्हाला नाही पटत." तुम्ही सही बराच वेळ बघत राहिलात. "पटलं की सांगितलंस?" एवढंच म्हणालात.

आमच्या सह्या कुठल्या कपाटात गेल्या देव जाणे. पण पाच-सहा वर्षांनी नियम आला. त्याला आम्ही लागलो नव्हतो, तो आमच्याशिवायही आलाच असता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाढ्यासारखं म्हणता येतं.

त्या सहीनंतरच्या आठ-दहा वर्षांत अनसूया त्या वस्तीची आमदारीण झाली, बिनपगारी. नळाला पाणी कुठल्या वेळी येणार, टँकर आधी कुठल्या गल्लीत लागणार, शाळेत कुणाच्या पोरीचं नाव घालायचं राहिलंय, सगळं तिच्या इस्त्रीच्या गाडीपाशी ठरायचं. आणि मग आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. लोकच तिला म्हणाले, तू उभी राहा. ती तुमच्याकडे आली, फॉर्म घेऊन. तोवर तिला तिसरं झालं होतं. सासूला नातू हवा होता, तो झाला.

तुम्हाला नियम पाठ होता. तरी तुम्ही लढलात. मूल नियमाच्या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं, यावर छाननीच्या दिवशी तुम्ही त्या अधिकाऱ्यासमोर तासभर उभ्या होतात, पाठीला पट्टा बांधून. दवाखान्याचा कागद निघाला, तारखेच्या पलीकडे, थोडक्यात पलीकडे. अर्ज बाद. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, अनसूयाच्या पोराला मांडीवर घेऊन. त्याच्यामुळेच अर्ज बाद झाला होता आणि तो माझ्या बांगड्यांशी खेळत होता.

अनसूया बाहेर आली. रडली नाही. म्हणाली, "वकील अम्मा, ये कायदा लाया कौन?"

वन्सं, तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. एकदाच. आणि तिला म्हणालात, "शिकलेल्या लोकांनी."

नाव घेतलं नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. रागाच्या भरात तुम्ही मला 'उंटावरची शहाणी'पासून 'सहीसम्राज्ञी'पर्यंत काय काय म्हणालात, पण अनसूयाचं नाव माझ्या तोंडावर मारलं नाहीत. एवढ्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.

तुम्ही केलंत ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणि चहा झाल्यावर आरामखुर्चीत बसलात, मला समोरच्या स्टुलावर बसवलंत आणि जाहीर केलंत, "आजपासून या घरात कुठल्याही सुधारणेवर आधी दोन्ही बाजूंनी बोलायचं. मी बाजूने, तू विरुद्ध. मग जागा बदलायच्या, मी विरुद्ध आणि तू बाजूने. दोन्ही झाल्याशिवाय मत सांगायचं नाही. आणि मत ठरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, झोळी घेऊन."

"मीच विरुद्ध का पहिली?"

"कारण माझी पाठ दुखते आणि आरामखुर्ची एकच आहे. बाजूने बोलणाऱ्याला नेहमी आराम असतो कुंदे, विरोध करणाऱ्याला स्टूल. जगाची रीत आहे."

वीस-बावीस वर्षं चाललं हे. मतदान सक्तीचं असावं का. निवडणुकीचा खर्च सरकारने करावा का. निवडून दिलेल्याला मध्येच परत बोलवायची सोय हवी का. पाळीच्या दिवसांत बायकांना भरपगारी रजा. दारूबंदी तर आपण एका सकाळी तीनदा आणली आणि तीनदा उठवली, शेजारचे रेड्डीगारू भिंतीपलीकडून ओरडले, "अम्मा, एक बार फैसला कर दो, मेरा फ्रिज में रखा हुआ है!" तुम्ही हसता हसता खुर्चीत आडव्या झालात आणि पाठ धरली, मग आठवडाभर मीच बाजूने आणि मीच विरुद्ध.

त्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जी बाजू मनाला पटते ती मांडताना मी भाषण ठोकायची. जी पटत नाही ती मांडताना मला माणसं आठवायला लागायची. अमक्या गल्लीतली तमकी, तिचं काय होईल? तुम्ही मला भाषणातून माणसांत आणलंत, तेही स्टुलावर बसवून.

आता तुम्ही देवत्वाला पोचायच्या आत एक सांगते. तुम्ही दर वेळी बरोबर नव्हतात. बायकांच्या राखीव जागा आल्या तेव्हा तुम्ही नाक मुरडलं होतंत. "नवरे राज्य करतील, बायका सह्या करतील, वर मिठाई आपण वाटायची." मी तेव्हा तुमच्याशी चार दिवस बोलले नव्हते. आणि कितीतरी वर्षांनी, एका सकाळी, चहात बिस्किट बुडवताना तुम्ही अगदी सहज म्हणालात, "कुंदे, त्या राखीव जागांबद्दल मी चुकले. पहिल्या खेपेला नवरेच बसले खुर्चीत, हे खरं. पण दुसऱ्या खेपेला काही बायका स्वतः बसल्या. मी पहिल्याच खेपेला निकाल देऊन मोकळी झाले." आणि बिस्किट चहात पडलं ते चमच्याने काढत बसलात.

त्या क्षणी मला म्हणायचं होतं, वन्सं, मीही चुकले, त्या दोन मुलांच्या नियमाबद्दल. ओठावर आलं होतं. पण काय सांगू, मला जिंकल्याची चव जरा जास्तच लागली होती. मी म्हटलं, "उशिरा का होईना!" आणि दुसरं बिस्किट पुढे केलं. माझं मात्र राहिलं. तुम्ही वाट बघत होतात का? मला वाटतं, होतात.

आता शेवटची सकाळ.

मुक्ता वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या मैत्रिणींच्या गटाने एक मागणी केलीय, हे तुम्हाला माहीतच आहे : वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहणारा किमान दहावी पास हवा. त्यासाठी त्या सह्या गोळा करतायत. हातात कागद नाही, फोन आहे. झोळी नाही, पाठीवर बॅग आहे. बाकी डोळ्यांतली चमक मी कुठेही ओळखीन. तिने आपल्याला म्हटलं, "तुमचा तो खुर्ची-स्टूलवाला शो करा ना यावर, मी रेकॉर्ड करते." शो म्हणे.

तुम्ही खुर्चीत, म्हणून बाजूने. आणि काय बोललात वन्सं त्या दिवशी! म्हणालात, "नगरसेवक दिवसभर करतो काय? कागदावर सह्या. ज्याला तो कागद वाचता येत नाही त्याच्यासाठी तो दुसरा कोणीतरी वाचतो. आणि जो वाचतो तोच राज्य करतो. लोकांनी निवडलं एकाला, आणि कारभार करतो भलताच, ज्याला कुणी निवडलं नाही. लायसन नसलेल्याच्या बसमध्ये आपण चढत नाही, मग वॉर्ड का त्याच्या हाती द्यायचा?" मुक्ताने टाळ्या वाजवल्या. मी स्टुलावरून काहीतरी लंगडं बोलले, फळ्यावरचं शिक्षण आणि नळावरचं शिक्षण असलं काहीतरी. तुम्ही हात वर केलात. "घसा बसला गं. जागा उद्या बदलू. या विषयावर विरुद्ध बाजूने बोलायला मला पुष्कळ आहे." आणि हसलात, ते मिटल्या ओठांचं, कोर्टात साक्षीदाराला उभं करण्याआधीचं.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही उठला नाहीत.

मला चहा तसाच हातात धरून पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते. पहिला विचार आला, आता विरुद्ध बाजूने काय बोलणार होत्या ते कळणार नाही. रडू नंतर आलं.

शोकसभा विद्यानगरच्या हॉलमध्ये ठेवली होती, रविवारी. मुक्ताने ठरवलं की तिथे तुमचं ते बोलणं ऐकवायचं आणि पाठोपाठ सह्या घ्यायच्या. "आजी, इट विल बी अ ट्रिब्यूट! तिचं शेवटचं पब्लिक स्टेटमेंट."

"ते स्टेटमेंट नव्हतं, पाळी होती. त्यांची पाळी आधी आली एवढंच."

"पण शी इज लिटरली आर्ग्युइंग फॉर इट! आणि तू अगेन्स्ट होतीस म्हणून तू थांबवतेस."

"मी अगेन्स्ट होते कारण मी स्टुलावर होते!"

"मग प्रूव्ह कर की तिचं मत वेगळं होतं."

तेच तर करता येत नव्हतं. मी काय काय केलं ते ऐका आणि कपाळाला हात लावा. आधी तिच्या फोनचा चार्जर लपवला, ज्वारीच्या डब्यात. तिने दहा मिनिटांत मैत्रिणीचा आणला. मग मी खोलीचं दार लावून बसले आणि तुमचं राहिलेलं बोलणं लिहून काढलं. तुमच्याच थाटात. 'प्रथमदर्शनी', 'सबब', 'तथापि' वगैरे. मनात होतं, सभेत उभं राहून म्हणायचं, वन्संनी हे मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. कोण पडताळणार? तीन पानं झाली. झकास उतरली होती. मीच मला वाचून दाखवली, तुमच्या आवाजात, घसा खाकरून.

आणि तिसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं की यातला एकही मुद्दा तुमचा नाही. सगळे माझे. आणि तुम्ही विरुद्ध बोलायला बसलात की दर वेळी असा एक मुद्दा काढायचात जो मला सात जन्मांत सुचला नसता, ज्याने माझी दोन्ही मतं आडवी व्हायची. तो मुद्दा त्या पानांत नव्हता. मुक्ता तुमचं अर्धं बोलणं पूर्ण म्हणून खपवणार होती, आणि मी माझं बोलणं तुमचं म्हणून. आमच्या दोघींत जास्त लबाड कोण, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतंत. पानं फाडली.

सभा झाली. हॉल भरला होता, तुमचे जुने अशील, कॉलनीतले लोक, मंडळाची माणसं. तिसऱ्या रांगेत अनसूया होती, मुलाबरोबर. केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत. मुलाचं आता लाँड्रीचं दुकान आहे. मुक्ताने तुमचा आवाज लावला. 'जो वाचतो तोच राज्य करतो' ऐकताना माना हलल्या. आणि मागोमाग फोन फिरायला लागला, सह्यांसाठी.

मी उठले. मुक्ताने मला डोळ्यांनी बस म्हटलं. मी बसले नाही. मी म्हटलं, "हे अर्धं आहे. आमच्या घरात रीत होती, दोन्ही बाजू मांडल्याशिवाय मत सांगायचं नाही. वन्संनी एक बाजू मांडली, दुसरी मांडायच्या आत गेल्या. ती काय होती, मला माहीत नाही. त्यांचं मत काय होतं, तेही मला माहीत नाही. म्हणून त्यांच्या नावाने सही करू नका. स्वतःच्या नावाने करायची तर जरूर करा."

इथे थांबायला हवं होतं. पण तिसऱ्या रांगेतून अनसूया बघत होती. मग मी ते सगळं सांगितलं. दोन मुलांचा नियम, सह्यांचा कागद, तिला न वाचून दाखवता 'चांगली गोष्ट आहे' म्हणून घेतलेली सही, आणि त्याच नियमाने बाद झालेला तिचा अर्ज. दख्खनीत सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. शेवटी म्हटलं, "अनसूया, तो कागद मी आणला होता. वकील अम्माने माझं नाव सांगितलं नाही."

अनसूया बसल्या जागेवरून म्हणाली, "मालूम है अम्मा. परसों से मालूम."

आपल्याकडचं 'परसों' म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस, त्यात वीस वर्षंही मावतात.

"वकील अम्मा बोली?"

"नै. तुम्हारी शकल बोली. उस दिन ऑफिस के बाहर तुम मेरे तरफ देखेच नै. मेरे पोट्टे को गोद में लेके उसकेच तरफ देखते बैठे." मग म्हणाली, "मेरी बेटियां दो पे रुक गयीं, वो अच्छाच हुआ. कायदा पूरा खराब नै था अम्मा. पन तुम मेरे कू पढ़ के नै सुनाये. पढ़ के सुनाते तो मैं पूछती."

"काय विचारलं असतंस?"

"पूछती, सास कू कौन समझाएगा?"

लोक हसले. मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकाच नाकातून. वीस-बावीस वर्षं मी जे ओझं घेऊन फिरत होते ते तिने असं उतरवून ठेवलं, जसे इस्त्रीचे कपडे ठेवायची, घडी घालून. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

मग ती मुक्ताकडे वळली. "तू पढ़ के सुना बेटा, तेरा कागज. पूरा."

मुक्ताने वाचलं. इंग्रजी मसुदा, एकेक कलम, तेलुगूत सांगत. वेळ लागला. चौथ्या कलमाशी, उमेदवाराने दहावीचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं, तिथे अनसूयाने हात वर केला. तिची धाकटी दहावी पास आहे, चांगल्या मार्कांनी. सासरहून निघून आली तेव्हा सर्टिफिकेट तिकडेच राहिलं, ते लोक देत नाहीत. बँकेच्या नोकरीलाही तेच आडवं आलं. "तो मेरी बेटी पढ़ी हुई है, कि नै पढ़ी हुई है?"

मुक्ता म्हणाली, "डुप्लिकेट काढता येतं..." आणि थांबली. ती विचारात पडली की खालचा ओठ दातात धरते. तेव्हा धरला होता. मी त्या ओठाकडे बघत होते आणि मला त्या वेळची ती कुंदा आठवली, जिला कुणीच असं थांबवलं नव्हतं. खरं तर एकीने थांबवलं होतं, वरणभात कालवता कालवता. ती ऐकत नव्हती.

मागणी मुक्ताने मागे घेतली नाही, हे सांगते. सभेतल्या बऱ्याच जणांनी सह्याही केल्या. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अडाणी माणसाच्या हाती गाव देऊन आम्ही काय भोगलं ते आम्हाला विचारा," आणि त्यांचंही काही खोटं नव्हतं. तुमचं वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं, तुमचं नाव न घालता. मी विनंती केली होती म्हणून.

परतताना आम्ही दोघी ऑटोत होतो. मुक्ता रागावलेली होती. बरकतपुरा गेलं. मग म्हणाली, "आजी, खरं सांग. आत्याआजीचं मत काय असतं?"

"माहीत नाही."

"गेस?"

"नाही गं. गेस केला होता, तीन पानं. फाडला."

नारायणगुड्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो. ती बाहेर बघत होती. आणि बाहेर बघतच तिने विचारलं, "बरं. मग तुझं काय आहे?"

वन्सं, या घरात येऊन मला सत्तेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे आधी तुम्हाला विचारायचे, आणि मग बघायचे की कुंदा तुमच्या बाजूने आहे की विरुद्ध. मीही तेच बघायची. त्या बावीस वर्षांतल्या एकेका सकाळी मी माझं मत ठरवलं ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून, कधी तुम्हाला खूश करायला, जास्त करून तुम्हाला चिडवायला. कुठल्याही पक्षाच्या बाजूला न झुकणारं घर म्हणून लोक आपलं कौतुक करायचे, आणि मी मजेत तुमच्याकडे झुकून बसलेली असायची.

आता समोर चेहरा नव्हता. होता तो मुक्ताचा, तोही खिडकीकडे.

मी म्हटलं, "मी विरुद्ध आहे. पण तुझा कागद उचलून फेकावा इतकी नाही. न वाचता येणाऱ्या नगरसेवकाच्या मागे दुसराच कोणी कारभार करतो, हे खरं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त दार बंद करणं हे ते उत्तर नव्हे, असं मला वाटतं. दार बंद करणारा नियम करताना आपण नेहमी आतल्या बाजूला असतो, हे मी एकदा केलंय, आणि..." मग मी तिला सांगितलं की सही करणाऱ्याला कागद वाचून दाखवायची सक्ती कशी करता येईल, आणि प्रमाणपत्राऐवजी दुसरं काय चालेल, आणि निवडून आल्यावर शिकवायची जबाबदारी कुणाची. काही मुद्दे कच्चे होते. एक तर बोलता बोलताच खोटा पडला, मी तो तिथेच सोडून दिला. तुम्हाला कदाचित हे पटलं नसतं. कदाचित तुम्ही त्या दिवशी विरुद्ध बाजूने बोलून, शेवटी मुक्ताच्याच बाजूने मत दिलं असतंत. असू द्या.

ऑटो हिमायतनगरला आपल्या गेटशी थांबली. रिक्षावाला म्हणाला, "आ गया अम्मा." माझं संपलं नव्हतं.

मुक्ता उतरली नाही. मीटर चालू होतं. ती माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, "हौ. पुढे?"